इतिहासग्रंथाचे परीक्षण लिहिताना
पानिपतच्या १७६१ च्या युद्धावरील पुस्तकाचे सर्वसामान्य वाचकांसाठी परीक्षण लिहिताना हकिगत पुन्हा सांगत बसण्यापेक्षा लेखकाने कोणता तपशील समकालीन पत्रांतून, कोणता बखरीतून आणि कोणता काशिराज पंडिताच्या वृत्तान्तातून घेतला आहे, हे सोप्या शब्दांत दाखवावे. काशिराज अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता आणि त्याने आपला फारसी वृत्तान्त सुमारे दोन दशकांनंतर लिहिला, एवढे सांगितले तरी वाचक त्यातील आकड्यांकडे सावधपणे पाहू लागतो. माझ्या मते परीक्षणाचा निम्मा भाग यासाठीच राखावा. सदाशिवरावभाऊंविषयीच्या मतावर आक्षेप आला, तर दुखावलेल्या भावनेची सौजन्याने दखल घ्यावी, पण मत बदलावे ते पुराव्यासाठीच. असा पुरावा पुढे आल्यास साधनाच्या पृष्ठक्रमांकासह दुरुस्ती छापावी आणि ती दाखवून देणाऱ्या वाचकाला श्रेय द्यावे.