रास्पबेरी पायवर फाइल समोर असूनही 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी': माझा अनुभव

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर) आणला, घरच्या फोटोंच्या बॅकअपसाठी. बॅकअप प्रोग्रॅमची टार फाइल (झिपसारखं गाठोडं) उतरवली, सोडवली, प्रोग्रॅम चालवला. उत्तर: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', म्हणजे अशी फाइलच नाही. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' कमांड मारली तर फाइल तिथेच!

परवानग्या बदलल्या, सुडो लावलं (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवलं), पुन्हा डाउनलोड केलं. एएमडी६४ची प्रत घेतली तर 'एक्झेक फॉरमॅट एरर', म्हणजे या प्रोसेसरला न कळणारी फाइल. ती प्रत इंटेल आणि एएमडीच्या मशीनसाठी असते. दोन रविवार पाण्यात गेले.

चकवा असा होता: मशीनचा प्रकार सांगणारी 'युनेम -एम' कमांड म्हणत होती 'एआर्च६४', म्हणजे ६४ बिटचा आर्म प्रोसेसर, म्हणून मी त्यासाठीची आर्म६४ प्रत उतरवत होतो. पण युनेम फक्त कर्नलचं, म्हणजे ओएसच्या गाभ्याचं सांगतं. मेमरी कार्डावरची बाकीची ओएस ३२ बिटची होती, कर्नल तेवढा ६४ बिटचा. न सापडणारी फाइल म्हणजे प्रोग्रॅम नव्हेच, तर त्याला लागणारा ६४ बिटचा लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी सिस्टिमची फाइल).

मग क्रमाने हे केलं. आधी ओएस कुठल्या प्रकारची ते सांगणारी कमांड 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर': आलं 'आर्मएचएफ', म्हणजे ३२ बिटचं आर्म. खात्रीसाठी 'गेटकॉन्फ लाँग_बिट' (लाँग_बिट कॅपिटलमध्ये): ३२. नावात आर्मएचएफ असलेली डेब फाइल (इन्स्टॉल करायचं पॅकेज) उतरवली आणि त्याच फोल्डरमधून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./' पुढे फाइलचं पूर्ण नाव. ते './' गाळू नका, नाहीतर ॲप्ट ते नाव रेपॉझिटरीत (ओएसच्या ऑनलाइन पॅकेज-साठ्यात) शोधत बसतं. पहिल्या फटक्यात चाललं.

पहिला पाय किंवा मूळ पाय झीरो असेल तर जपून: त्यांचा प्रोसेसर जुन्या आर्मव्ही६ पिढीचा, आणि डेबियनचं (पायची ओएस ज्यावर बेतली आहे त्या लिनक्सचं) आर्मएचएफ त्यापुढच्या आर्मव्ही७साठी असतं.