स्टॅटिक रूट टाकला, तरी पिंग लागत नाही? या चुका टाळा

दोन ऑफिसं, दोन राउटर, मध्ये १०.०.०.०/३० ची लिंक. इकडचं लॅन १९२.१६८.१०.०/२४, तिकडचं १९२.१६८.२०.०/२४. इकडच्या राउटरवर स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून दिलेली वाट, टाकला: २० च्या नेटवर्कला जायचं तर नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) १०.०.०.२. तरीही पीसीवरून पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघायची चाचणी) लागत नाही.

अशा वेळी बरेच जण तोच रूट काढून पुन्हा टाकत बसतात. तो बहुधा बरोबरच असतो. पॅकेट पलीकडे पोचलेलं असतं, उत्तराला परतीची वाट नसते. स्टॅटिक रूट एकाच दिशेचा असतो आणि ज्या राउटरवर टाकला त्यालाच ठाऊक असतो. म्हणून तिकडच्या राउटरवरही १९२.१६८.१०.०/२४ साठी १०.०.०.१ हा नेक्स्ट हॉप द्यावाच लागतो. मध्ये तिसरा राउटर असेल, तर त्याला दोन्हीकडचे रूट हवेत.

खरी फसगत होते ती राउटरवरूनच पिंग केल्यामुळे. तिथून पिंग लागतो, कारण राउटर बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता, म्हणजे १०.०.०.१, सोर्स म्हणून वापरतो, आणि ते नेटवर्क पलीकडच्या राउटरला थेट जोडलेलं असतं. पिंगला सोर्स म्हणून लॅनचा पत्ता द्या, मग खरं काय ते कळेल. आधी पलीकडच्या राउटरचा लॅन पत्ता तपासा; विंडोज पीसीचा फायरवॉल पिंग अडवत असू शकतो.

ट्रेसमध्ये (पॅकेट कुठल्या राउटरांवरून गेलं ती यादी) तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले, तर लूप आहे. अनेकदा दोन्ही राउटरचे डिफॉल्ट रूट एकमेकांकडे तोंड करून असतात आणि टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने कमी होणारा आकडा) संपेपर्यंत पॅकेट फिरत राहतं.

मास्क, म्हणजे पत्त्यामागचा /२४ सारखा आकडा, नीट वाचा. /१६ आणि /२४ दोन्ही जुळत असतील तर /२४ जिंकतो, डिस्टन्स (रूट किती भरवशाचा ते सांगणारा आकडा, लहान तो आधी) काहीही असो. डिस्टन्स बघितला जातो तो प्रिफिक्स (नेटवर्क आणि मास्क) तंतोतंत सारखा असेल तेव्हाच. सिस्कोवर स्टॅटिकचा १, ओएसपीएफचा (राउटर आपसात रूट कळवतात ती पद्धत) ११०. म्हणून बॅकअप रूटला २०० सारखा मोठा आकडा देतात.

पण बॅकअपवर विसंबण्याआधी एक बघा. मध्ये स्विच असेल, तर पलीकडचा राउटर बंद पडला तरी आपला पोर्ट अपच राहतो. मुख्य रूट टेबलमधून हलत नाही आणि ट्रॅफिक वाया जातो. सिस्कोवर आयपी एसएलए आणि ट्रॅक, मायक्रोटिकवर चेक गेटवे, म्हणजे पलीकडचा चालू आहे का ते तपासत राहणारी सोय, लावल्याशिवाय असा बॅकअप मी तरी बॅकअप मानत नाही.

सगळं चाललं की कॉन्फिग लगेच सेव्ह करा. सिस्कोची रनिंग कॉन्फिग (सेव्ह न केलेली, मेमरीतली) लाइट गेली की जाते. लिनक्सवर नुसत्या कमांडने टाकलेला रूटही रीबूटनंतर राहत नाही.