पिवळा की पांढरा? घरातल्या दिव्यांच्या या चुका टाळा

फ्लॅटचं काम चालू असताना वायरमनने ठासून सांगितलं होतं, "ताई, सगळीकडे पांढरेच टाका. पिवळ्यात घर अंधारं दिसतं." मी मान डोलावली. बेडरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये सहा पांढरे दिवे बसले आणि पुढची दोन वर्षं रात्री साडेअकरालाही माझे डोळे टक्क उघडे. संध्याकाळचा चहा सोडला, मोबाइल हॉलमध्ये ठेवला. वर छताकडे बघायचं मात्र सुचलं नाही.

खोक्यावरचे फक्त वॅट वाचणं

वॅट म्हणजे बल्ब वीज किती खाणार, एवढंच. उजेड किती ते ल्युमेन सांगतात आणि उजेडाचा रंग केल्विन सांगतो. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर वॉर्म व्हाइट, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर झाक असलेला कूल डेलाइट. नऊ वॅटचा चांगला बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. पिवळा घेतला तर त्यात फारसा फरक पडत नाही. वायरमनचं 'अंधारं' हे बरंचसं सवयीचं होतं.

झोपेशी संबंध येतो तो निळ्या भागाचा. आपला नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा लेप. कूल डेलाइटमध्ये निळा प्रकाश जास्त निसटतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवणं. साधारण ४८० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाने त्या सगळ्यात जास्त चेततात आणि झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन अडतं.

बल्ब पिवळे केले, पण उजेड तेवढाच ठेवला

ही माझी दुसरी चूक. सहाही दिवे वॉर्म व्हाइट केले आणि सहाही लावून बसले! रंगाइतकाच उजेडाचा जोरही महत्त्वाचा असतो. या विषयातल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये एक शिफारस मांडली: त्या निळ्याला चेतणाऱ्या पेशींच्या हिशेबाने मोजला तर दिवसा डोळ्यांवर किमान २५० लक्स (एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) प्रकाश असावा, झोपेआधीचे तीन तास १० च्या आत आणि झोपेत १ च्या आत. घरी लक्समीटर कोण घेऊन बसणार? सोपा उपाय म्हणजे जेवणं झाली की छताचे दिवे बंद करायचे आणि कोपऱ्यात, डोळ्यांच्या पातळीखाली एक टेबललॅम्प लावायचा.

यातली दिवसाची बाजू आपण विसरतो. पडदे ओढलेल्या हॉलमध्ये भर दुपारी शे-दोनशे लक्स असतात, तर पावसाळी ढगाळ दिवशीही बाहेर कित्येक हजार. सकाळचा चहा गॅलरीत घ्या.

हिरवा झिरो बल्ब

रात्रभर हिरवा किंवा निळा झिरो बल्ब लावायची पद्धत अजून खूप घरांत आहे. हिरवा 'थंड' वाटतो, पण तो त्या ४८० च्या शेजारचाच. दिवा हवाच असेल तर लाल किंवा गडद केशरी लावा आणि तोही जमिनीलगतच्या सॉकेटमध्ये. रात्री बाथरूमला जाताना पाय कुठे पडतोय ते दिसलं की पुरे.

पंख्याच्या पात्यांवरचा दिवा

हॉलमध्ये बसलं की डोकं भणभणतं, ही आईची तक्रार मी वयावर ढकलत होते. एके दिवशी तिच्या पोथीवर नीट पाहिलं, तर पानावर उजेड सारखा फडफडत होता. छतातले दोन दिवे नेमके पंख्याच्या पात्यांवर आले होते. नेहमीच्या १२०० मिमी पंख्याची पाती मध्यापासून ६०० मिमीपर्यंत पोचतात. दिवे त्याच्या चांगलेच बाहेर हवेत. आम्ही ते दोन बंद केले आणि तिच्या खुर्चीमागे भिंतीवर एक लावला. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे ज्येष्ठांना वाचायला आपल्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो. त्यांच्या खोलीत काटकसर नको.

पंखा बंद असतानाही लुकलुक जाणवत असेल, तर मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा. ठळक फडफड दिसली तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलक्या दर्जाचा आहे. साधा एलईडी डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर) लावला असेल, तर तेही कारण असू शकतं.

ओट्यावर स्वतःचीच सावली

ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, आपण ओट्याशी. तांदूळ निवडायचे ते आपल्याच सावलीत. वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला ४००० केल्विनची एलईडी पट्टी लावा. घेताना सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या आसपास आहे का बघा, नाहीतर कोथिंबीर ताजी की शिळी ते रंगावरून कळत नाही.

बंद केला तरी मिणमिणतो

भुताटकी नाही. बोर्डावर लाल इंडिकेटरवाला स्विच असेल, तर त्यातून झिरपणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसेल तर स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर तोडत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. मेन स्विच पाडल्याशिवाय तो बल्ब काढू नका आणि वायरमनला बोलावून वायर अदलाबदल करून घ्या.