नोटीस लागण्याआधी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत ओव्हरटाइम बंद झाला, आठवड्याला एकाऐवजी दोन सुट्ट्या मिळू लागल्या, की कामगार कपात जवळ आली समजून युनियनच्या तयारीला लागावं. बोर्डावर नोटीस लागल्यावर धावपळ करून फार हाती लागत नाही.

आधी कागद. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक घरी आणून ठेवा. लॉकरमध्ये नको, गेट बंद झालं की लॉकर आतच राहतं. स्लिपा नसतील तर बँकेचं पासबुक भरून घ्या.

मग सेवाज्येष्ठतेची यादी, आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या. कपात करताना त्या-त्या कामावर शेवटी लागलेला आधी जातो, हा कायद्याचा नियम आहे. तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. आमच्या वेळी यादीच नव्हती. पंधरा-पंधरा वर्षं काम केलेले मोल्डर, म्हणजे साचे करणारे कामगार, घरी गेले, काल आलेले राहिले, आणि आम्ही तारखा आठवत बसलो. ते अजून सलतं. म्हणून प्रत्येकाची भरतीची तारीख, कामाचं खातं आणि वर्षात भरलेले दिवस एका वहीत उतरवा. २४० दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरतात. कपातीची भरपाई म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि ती याच तारखांवर मोजली जाते.

कंत्राटी पोरांना यादीबाहेर ठेवू नका. पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते, आणि आपण गप्प राहिलो तर आपल्या वेळी तेही गप्प राहतील.

युनियनच्या नोंदणीच्या अर्जाला किमान ७ सह्या लागतात. वर्गणी थोडी असली तरी पावतीशिवाय घेऊ नका, युनियनचं बँकेतलं खातं दोघांच्या सहीनं चालवा.

संपाची भाषा जपून वापरा. गोदाम मालानं भरलेलं असताना संप केला तर मालकाचा पगारच वाचतो. त्यापेक्षा आहे ते काम सगळ्यांत वाटून द्या, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

बैठक फक्त गेटवर नको. तासगाव, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांच्या गावी जा, घरच्यांनाही बसवा. स्वतःहून राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागता येत नाही, हे त्यांनाही कळू द्या. “सही करा, हिशेब लगेच देतो” म्हणणारा माणूस कामगार घरी नसतानाही दारात येतो.