पर्यावरणपूरक जीवनशैली स्वीकारताना या चुका टाळा

पर्यावरणपूरक जगायचे ठरले की बहुतेकांचे पहिले पाऊल दुकानाकडे वळते. बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या, काचेच्या बरण्या आणि कापडी पिशव्यांचा संच यांची यादी तयार होते आणि घरातले प्लॅस्टिकचे धडधाकट डबे कचऱ्यात जातात. डबा फेकल्याने तो तयार करताना खर्च झालेली ऊर्जा, पाणी आणि कच्चा माल परत मिळत नाही. उलट त्याच्या जागी आलेल्या नव्या वस्तूचा भार त्यात जमा होतो. घरात आहे ते झिजेपर्यंत वापरणे दिखाऊ नसले, तरी बहुतेक वेळा तोच सर्वांत कमी हानीचा मार्ग असतो. चरे पडलेल्या जुन्या डब्यात गरम अन्न ठेवणे टाळावे हे खरे, परंतु त्यासाठीही तो फेकण्याची गरज नाही. खिळे, स्क्रू किंवा सुईदोरा ठेवायला तो पुढची अनेक वर्षे पुरतो.

कापडी पिशवीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांच्या संपूर्ण जीवनचक्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी केवळ हवामानबदलाच्या निकषावर किमान ५२ वेळा, तर सेंद्रिय कापसाची पिशवी १४९ वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. प्रत्येक पर्यावरणीय निकषावर बरोबरी साधायची झाली, तर हेच आकडे अनुक्रमे सुमारे ७,१०० आणि २०,००० पर्यंत जातात. सेंद्रिय कापसाचे उत्पादन कमी येते असे गृहीत धरल्यामुळे त्याचा आकडा मोठा दिसतो, तर ७,१०० हा आकडा मुख्यतः ओझोन थरावरील परिणामाच्या एकाच निकषातून आलेला आहे. या अभ्यासाचा दाखला देऊन प्लॅस्टिकची पिशवीच बरी असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरते, कारण उघड्यावर पडणाऱ्या, नाल्यांत तुंबणाऱ्या आणि समुद्रात पोहोचणाऱ्या पिशव्यांचा परिणाम त्या हिशेबात धरलेलाच नाही. त्यातून घ्यायचा तो बोध एवढाच, की दोन-तीन पिशव्या ठेवाव्यात आणि त्या विटेपर्यंत वापराव्यात. प्रत्येक समारंभात भेट मिळालेल्या, कपाटात साठलेल्या पंचवीस पिशव्या पर्यावरणाच्या कामी येत नाहीत.

डोळ्यांना दिसते ते आणि वजनाने भारी असते ते

प्लॅस्टिकची नळी डोळ्यांना दिसते. गरम पाण्यासाठी जळलेले इंधन दिसत नाही. त्यामुळे आपली सारी शिस्त दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च होते आणि खरा भार जिथे आहे तिथे हात लागत नाही. सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांनी २०१७ मध्ये विकसित देशांतील वैयक्तिक निवडींची तुलना मांडली. तिच्यानुसार मोटारीशिवाय जगल्याने वर्षाला सुमारे २.४ टन, अटलांटिक महासागरापलीकडचा विमानाचा एक जाऊन-येऊन प्रवास टाळल्याने सुमारे १.६ टन आणि वनस्पतीजन्य आहार घेतल्याने सुमारे ०.८ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन वाचते, तर घरातील कचरा नेटाने पुनर्चक्रीकरणाला दिल्याने सुमारे ०.२ टन वाचते. मोटार नसलेल्या आणि विमानात कधी न बसलेल्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे उघड आहे. तरीही वर्षातून तीन विमानप्रवास करणाऱ्याने बाटलीच्या झाकणावर तासभर चर्चा करावी, हे प्रमाण सोडून वागणे आहे.

अन्नाच्या बाबतीतही असेच होते. अन्न किती लांबून आले याची चौकशी पुष्कळ होते. परंतु जगभरातील अन्नव्यवस्थेच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ढोबळमानाने सहा टक्क्यांच्या आसपासच आहे. विमानाने आणलेला नाशवंत माल हा त्यातला ठळक अपवाद. काय खाल्ले आणि त्यातले किती टाकून दिले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घराघरांतला होता. ताटात उरलेले अन्न खतात गेले म्हणजे हिशेब मिटला, असे समजणे चुकीचे आहे, कारण खत झाल्याने ते पिकवायला लागलेले पाणी, जमीन आणि इंधन भरून निघत नाही.

चिन्हावर विसंबून कचरा टाकणे

प्लॅस्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा म्हणजे पुनर्चक्रीकरणाची हमी, असा समज सार्वत्रिक आहे. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने केवळ प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून सुरू केली. बाणांच्या त्रिकोणामुळे होणारा गैरसमज इतका पसरला, की २०१३ मध्ये त्या मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आणावा लागला. जुने साचे मात्र अजून चालूच आहेत. व्यवहारात १ आणि २ क्रमांकाच्या बाटल्यांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक मिळते, तर ३ आणि ६ क्रमांकांना क्वचितच. २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या एकूण प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण झाले होते, हा आकडा लक्षात ठेवला तर त्रिकोणावरचा विश्वास आपोआप कमी होतो.

यातूनच दुसरी चूक होते. ‘होत असेल याचेही काहीतरी’ अशा आशेने लोक नको त्या वस्तू सुक्या कचऱ्यात टाकतात. तेलकट खोके चांगल्या कागदाचा गठ्ठा खराब करते, अनेक थरांची चकचकीत पाकिटे वेगळी करता येत नाहीत आणि लिथियमची बॅटरी कचऱ्यात दाबली गेली की आग लागते. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवर रासायनिक लेप असतो, म्हणून त्या कागदाच्या रद्दीतही घालू नयेत आणि खताच्या डब्यातही. आपला कचरा उचलणारी यंत्रणा नेमके काय स्वीकारते हे एकदा विचारून घेणे आणि शंका असलेली वस्तू बाजूला ठेवणे, हे आशेवर विसंबण्यापेक्षा उपयोगी आहे. बाटल्या घासून लख्ख करण्याचीही गरज नसते. रिकाम्या करून खळबळल्या तरी पुरे.

‘कंपोस्ट होणारे’ असे लिहिलेल्या कप-पिशव्यांचा गोंधळ याहून मोठा आहे. युरोपातील संबंधित मानकानुसार अशी वस्तू १२ आठवड्यांत इतकी विरायला हवी, की तिचा किमान ९० टक्के भाग २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली जाईल. परंतु ही चाचणी औद्योगिक प्रकल्पातील उष्ण परिस्थितीसाठी आहे. पीएलए नावाचे वनस्पतीजन्य प्लॅस्टिक साधारण ५८ ते ६० अंश सेल्सिअस तापमान टिकून राहिले तरच झपाट्याने विरते, आणि घरच्या डब्यात तेवढे तापमान टिकत नाही. हाच कप नेहमीच्या बाटल्यांच्या ढिगात गेला, तर तिथला मालही बिघडवतो. औद्योगिक प्रकल्पापर्यंत पोहोचण्याची सोय नसेल, तर अशा कपासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खताचा डबा का बिघडतो

घरच्या घरी खत करायला निघालेले बहुतेक जण काही आठवड्यांतच तो नाद सोडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते: ओला कचरा जास्त आणि कोरडा माल कमी. सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात कार्बनचे प्रमाण याहून कमी असते, तर वाळलेली पाने, पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा यांत ते पुष्कळ जास्त असते. आकारमानाने ओल्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडा माल घातला की मिश्रण जमते. पहिल्या दिवसापासून शेजारी कोरड्या पानांचे पोते भरून ठेवलेले नसेल, तर डबा आणण्याची घाईच करू नये.

बिघाड वासावरून ओळखता येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आत हवा पोहोचत नाही असे समजावे. डबा तळापासून ढवळावा, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळावेत आणि तळाची भोके बुजली आहेत का ते पाहावे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास असेल, तर नायट्रोजन जास्त झाला आहे आणि उपाय म्हणून फक्त कोरडा माल वाढवायचा आहे. हे दोन्ही वास सारखेच मानून वरून सुगंधी किंवा जंतुनाशक द्रव शिंपडणाऱ्यांची संख्या कमी नाही. जंतुनाशकाने मरतात ते खत करणारे जंतूच, त्यामुळे दुर्गंधी थोडा वेळ दबते आणि काम मात्र थांबते.

ओलावा तपासायला मूठभर मिश्रण घट्ट दाबावे. पिळलेल्या स्पंजसारखे ओलसर लागून एक-दोन थेंब सुटले, तर प्रमाण ठीक आहे. धार लागली तर ते फार ओले आहे. मूठ उघडताच भुगा विस्कटला तर फार कोरडे. मुंग्यांची वसाहत झाली असेल, तर बहुधा मिश्रण कोरडे पडले आहे. माश्या आणि अळ्या दिसल्या, तर ताजा कचरा उघडा राहतो आहे. दर वेळी त्यावर कोरड्याचा चांगला जाड थर द्यावा. ‘सैनिक माशी’च्या करड्या, जाडसर अळ्या पाहून लोक घाबरतात, परंतु त्या कचरा झपाट्याने खातात आणि माणसाला अपाय करत नाहीत.

आपला डबा गरम होत नाही, ही तक्रारही नेहमीची. ढीग साधारण एक घनमीटरपेक्षा लहान असेल, तर त्यात उष्णता साठत नाही. लहान डब्यात कचरा कुजतो, फक्त सावकाश. हा बिघाड नव्हे. मात्र रोगजंतू आणि तणाचे बी मरण्यासाठी किमान ५५ अंशांची उष्णता काही दिवस टिकावी लागते, म्हणून थंड डब्यात रोगट झाडे, बी धरलेले तण आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा घालू नये. गांडुळांच्या डब्याचे गणित याच्या नेमके उलट असते: त्यांना १५ ते २५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि एकदम पुष्कळ ताजा कचरा घातला, तर तो तापून गांडुळे मरतात किंवा बाहेर पळतात.

शेवटची चूक घाईची असते. अर्धवट कुजलेले खत कुंडीत घातले, तर कुजण्याची प्रक्रिया तिथे चालू राहते, सूक्ष्मजीव मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि पाने पिवळी पडतात. खत तयार झाले का हे पाहण्यासाठी थोडे ओलसर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवून उघडावे. मातीचा वास आला तर ते वापरावे, आंबट किंवा कुबट वास आला तर आणखी महिनाभर थांबावे.

‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक?

घरगुती सफाईद्रवांच्या कृतींमध्ये व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायला हमखास सांगतात. फेस पाहून समाधान मिळते खरे, परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते बहुतांशी पाणी व थोडे सोडियम अ‍ॅसिटेट. सोड्याने घासावे, धुवावे आणि मग क्षारांच्या डागांवर व्हिनेगर वापरावे, असे दोन वेगळे टप्पे केले तर दोन्हींचा उपयोग होतो. संगमरवरावर व्हिनेगर मुळीच लावू नये, कारण आम्लाने तो दगड झिजतो. धोक्याची गोष्ट निराळीच आहे: ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेले द्रव मिसळले की विषारी क्लोरामाइन तयार होतात. घरात जुन्या ब्लीचची बाटली असताना नवे प्रयोग करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

बचतीने वाढणारा वापर

कोळसा अधिक कार्यक्षमतेने वापरता येऊ लागला की त्याचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, असे अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले होते. घरातही याचे छोटे रूप दिसते: कमी विजेचा दिवा आला म्हणून तो रात्रभर चालू राहतो, आणि नवा कार्यक्षम फ्रीज आल्यावर जुना दुसऱ्या खोलीत पाण्याच्या बाटल्या थंड करत बसतो. वीजबिल उतरले नाही, तर दोष उपकरणाला देण्याआधी घरात चालू असलेल्या उपकरणांची संख्या मोजावी. गरम पाण्याने कपडे धुणाऱ्या यंत्रात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून नेहमीचे कपडे थंड पाण्यात धुतल्याने यंत्र न बदलताही बचत होते.

वेष्टनावरील दाव्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर हिरवे पान आणि ‘निसर्गस्नेही’ हा शब्द यांना पुरावा मानू नये. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये तपासलेल्या अशा दाव्यांपैकी ५३ टक्के दावे संदिग्ध, दिशाभूल करणारे किंवा निराधार आढळले. जर्मनीचे १९७८ पासूनचे ‘ब्लू एंजल’ किंवा युरोपचे १९९२ पासूनचे ‘इकोलेबल’ यांसारखी त्रयस्थ तपासणीवर आधारलेली चिन्हे तुलनेने विश्वासार्ह आहेत.

उरलेल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून झाडांसाठी पैसे देण्याआधी काही प्रश्न विचारावेत: लावलेल्या रोपांपैकी पाच वर्षांनी किती जगली, जमीन कोणाच्या मालकीची आहे, तिथे आधी गवताळ परिसंस्था तर नव्हती ना, आणि वणवा लागला तर नोंदवलेल्या कार्बनचे काय होते. विमान आज जाळते ते इंधन लगेच हवेत मिसळते, तर रोपाला तितका कार्बन शोषायला काही दशके लागतात. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर तेच पैसे घरातली गळती थांबवायला, खिडक्यांच्या फटी बुजवायला किंवा जुने उपकरण दुरुस्त करून घ्यायला वापरावेत.