तिसऱ्या सामन्यापुरते पाय: माजी विद्यार्थ्यांच्या रग्बी संघाचा हंगाम कसा आखावा

माजी विद्यार्थ्यांच्या संघाची खरी परीक्षा दुपारनंतर होते. सकाळच्या पहिल्या सामन्यात शाळेत अंगात मुरलेला खेळ आपोआप बाहेर येतो. तिसऱ्या सामन्यापर्यंत मात्र पाय जड झालेले असतात, दोघांचे स्नायू आखडलेले असतात आणि राखीव खेळाडूंपैकी एकजण घरी निघून गेलेला असतो. म्हणून हंगामाची आखणी शेवटच्या सामन्यापासून उलटी करत आणावी.

थोडा हिशेब मांडू. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात जणांच्या रग्बीत, सात-सात मिनिटांचे दोन डाव, म्हणजे एका सामन्यात १४ मिनिटं. सोळा संघांच्या स्पर्धेत साखळीतले तीन सामने, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे सहा सामने होतात. जो खेळाडू एकदाही बाहेर बसत नाही तो दिवसभरात ८४ मिनिटं खेळतो. पंधरा जणांचा पूर्ण सामना ८० मिनिटांचा असतो आणि त्यात दम घ्यायला कितीतरी फट मिळते. सेव्हन्समध्ये वेगाच्या धावांचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. हेच काम बारा जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४९ मिनिटं येतात.

प्रकार आणि तारखा

सेव्हन्स, टेन्स (दहा जणांचा खेळ) की पंधरा, हे बॅचकडे पाहून ठरवा. नुकतेच बाहेर पडलेले चार-पाच वेगवान खेळाडू असतील तर सेव्हन्स जमतं. वयाची सरमिसळ मोठी असेल तर टेन्स बरं: दहा-दहा मिनिटांचे डाव, पाच जणांचा स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघ वाकून एकमेकांना ढकलतात तो), आणि स्क्रममध्ये ढकलणाऱ्या वजनदार पण संथ फॉरवर्डलाही काम. पंधरा जणांच्या सामन्यात उतरायचं तर २३ नावं लागतात आणि त्यांत स्क्रमच्या पहिल्या ओळीच्या तिन्ही जागांसाठी सराव असलेले राखीव खेळाडू हवेत. अनेक माजी विद्यार्थी संघांकडे प्रॉपच (पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांचे खेळाडू) नसतात, आणि कधीही स्क्रममध्ये न उतरलेल्या माणसाला ‘आजच्यापुरता’ प्रॉप म्हणून उभं करणं म्हणजे त्याच्या मानेशी खेळ आहे. असं कधीही करू नका.

हंगामात चार, फार तर पाच स्पर्धा घ्या आणि दोन स्पर्धांमध्ये किमान तीन आठवडे सोडा. हे अंतर हौशी खेळाडूचं शरीर आणि त्याची नोकरी, दोन्ही बघून ठरवलेलं आहे. पहिली स्पर्धा कमी प्रतिष्ठेची निवडा. शाळेशाळांमधली मानाची स्पर्धा तिसरी किंवा चौथी यावी. तोवर कोण खरंच तंदुरुस्त आहे आणि कोण नुसता ग्रुपवर बोलतो आहे ते कळलेलं असतं.

नावांची यादी

व्यवस्थापकाचं निम्मं काम या यादीत आहे. बारा जणांच्या चमूसाठी २२ ते २४ नावं नोंदवून ठेवा. ‘येतो’ या शब्दावर यादी करू नका. तीन रकाने करा: प्रवास करून नक्की येणारे, फक्त जवळच्या स्पर्धेला येणारे आणि ऐनवेळी बोलावता येणारे. स्पर्धेआधी तीन आठवडे होकार घ्या, दहा दिवस आधी बारा नावं पक्की करा आणि त्यानंतर फक्त दुखापतीसाठी बदल करा.

बाराजण निवडताना किमान तिघांना ड्रॉप किक (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) जमली पाहिजे, दोघांना लाइनआउटमध्ये (चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये तो आत टाकतात तेव्हा) चेंडू टाकता आला पाहिजे आणि दोघांनी स्क्रमहाफ (स्क्रममधून चेंडू काढून पुढे देणारा) खेळलेला असावा. एकच किकर असलेला संघ त्याच्या घोट्यावर अवलंबून असतो.

पात्रतेचे नियम नीट वाचा. काही स्पर्धा शाळा सोडल्याचं वर्ष आणि पुरावा मागतात, काही ठरावीक पाहुणे खेळाडू चालवून घेतात, तर काही ठिकाणी एकही पाहुणा चालत नाही. राष्ट्रीय किंवा स्थानिक संघटनेकडे खेळाडूंची नोंदणी आहे का आणि विमा कशावर लागू होतो, हे पहिल्या स्पर्धेच्या बरंच आधी तपासा. नोंदणी नसलेला खेळाडू जखमी झाला की विम्याचा अर्ज तिथेच अडकू शकतो.

आठ आठवडे

पहिल्या स्पर्धेआधी आठ आठवडे सराव हवा, आठवड्यातून दोनदा एकत्र आणि एकदा ज्याचा त्याने. पहिले तीन आठवडे धावण्याला द्या, पण नुसत्या लांब, संथ धावण्यावर भागवू नका. सेव्हन्समध्ये मांडीमागचा स्नायू सर्वाधिक धोक्यात येतो तो पूर्ण वेगाने धावताना, आणि वर्षभर त्या वेगाने न धावलेला माणूस स्पर्धेत पहिल्यांदाच तसा धावला की तो फाटतो. दुसऱ्या आठवड्यापासून ३० ते ४० मीटरच्या सहा धावा, वेग हळूहळू वाढवत न्या. चौथ्या आठवड्यात पूर्ण वेग. सोबत आठवड्यातून दोनदा नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर उभं राहून, कोणीतरी घोटे धरलेले असताना शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकणं): दोन सेट, प्रत्येकी पाच, नंतर वाढवत. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्या चांगल्याच दुखतील, त्यामुळे हा व्यायाम स्पर्धेच्या आठवड्यात नव्याने सुरू करू नका. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा ‘अ‍ॅक्टिव्हेट’ हा वॉर्म-अप कार्यक्रम मोफत मिळतो; त्यात मान, तोल आणि उडी मारून उतरणं यांचे व्यायाम आहेत. दर सरावाला तोच वापरा.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग अर्ध्या वेगाने, शेवटी पूर्ण वेगाने. डोकं नेहमी समोरच्याच्या शरीराच्या बाजूला किंवा मागे, कधीही त्याच्या पुढे नाही. नजर वर, खांदा आधी लागला पाहिजे. वर्षानुवर्षं न खेळलेल्या लोकांची सवय उंच टॅकलची असते, कारण वाकायला मांड्या साथ देत नाहीत. खांद्याच्या रेषेवरचा टॅकल नियमबाह्य आहेच, आणि हौशी खेळासाठी अनेक देशांनी ही मर्यादा आणखी खाली आणली आहे. सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा सहा जणांनी खेळायचा.

शेवटचे दोन आठवडे सामन्यासारखे: सात मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा सात. मग वीस मिनिटांनी दुसरा सामना. दुसऱ्यात चेंडू का सुटतो हे बघा. बहुतेक वेळा हातापेक्षा पायांचा दोष असतो, कारण आधाराला येणारा खेळाडू दोन पावलं मागे राहिलेला असतो.

एका गोष्टीला सरावात वेगळा वेळ द्या: पुनरारंभ, म्हणजे गुण झाल्यावर किकने पुन्हा खेळ सुरू करणं. सेव्हन्समध्ये गुण मिळवणारा संघच पुन्हा किक मारतो, पंधरामध्ये गुण गमावणारा. म्हणजे ट्राय केल्यावर (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवल्यावर) चेंडू आपणच समोरच्याला देतो, आणि किक नीट उंच नसेल तर तो चेंडू घेऊन ते थेट पळतात. किक दहा मीटर गेली नाही किंवा थेट बाहेर गेली तर समोरच्या संघाला मध्यरेषेवर फ्री किक मिळते. हवेत चार सेकंद राहणारी किक मारायला शिकवा आणि तिच्यामागे कोण धावणार ते ठरवून ठेवा. कन्व्हर्जनही (ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक) ड्रॉप किकनेच आणि ट्रायनंतर ३० सेकंदांत घ्यायचं असतं, त्यामुळे ट्राय खांबांजवळ टेकवण्याची सवय लावा. पाच गुणांवर दोन गुण मिळतात ते इथूनच.

सामान

जर्सीचे दोन संच, ठळकपणे वेगळ्या रंगांचे, एकाच क्रमांकांत. पाच नंबर आकाराचे चेंडू किमान सहा, आणि दाब साडेनऊ ते दहा पीएसआय. कडक चेंडू निसटतो, मऊ चेंडूची किक मरते. स्टडची लांबी २१ मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि धातूच्या स्टडची कड झिजून धारदार झाली की पंच तो बूट बाद करतो, म्हणून बदलण्याची किल्ली बरोबर ठेवा. माउथगार्ड दातांच्या डॉक्टरकडून बनवलेला उत्तम. गरम पाण्यात मऊ करून चावण्याचा प्रकारही चालतो, पण तो नीट बसला नाही तर खेळाडू तो हातात घेऊनच फिरतो. स्क्रम कॅपने कानाचं आणि कातडीचं रक्षण होतं, मेंदूला बसणारा हादरा टळत नाही. हे नव्या खेळाडूला स्पष्ट सांगा.

औषधांच्या पेटीत हातमोजे, जंतुविरहित गॉज, सलाईन, ताणली न जाणारी रुंद चिकटपट्टी, ताणली जाणारी पट्टी, त्रिकोणी पट्टी, पेट्रोलियम जेली आणि भरपूर बर्फ. पट्ट्या नेहमी कमी पडतात. अंदाजाच्या दुप्पट घ्या.

स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री एक तक्ता बनवा: प्रत्येक सामन्यात कोण सुरुवात करणार, कोण कितव्या मिनिटाला येणार. वर्ल्ड रग्बीच्या नियमांत सेव्हन्सच्या सामन्यात पाच बदली खेळाडू असतात. काही हौशी स्पर्धा अमर्याद अदलाबदल चालवतात. आयोजकांकडून लेखी विचारून घ्या. सर्वात सोप्या साखळी सामन्यात तुमच्या दोन उत्तम खेळाडूंना पूर्ण बसवा. कर्णधाराला हे पटत नाही; पण दुपारी चार वाजता त्यांचेच पाय लागतात.

सामना संपल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पिठूळ खा: केळं, ब्रेड, भात, थोडंच. दीड तासाहून कमी वेळ असेल तर पोटभर जेवू नका. जेवण पोटात असताना स्प्रिंट मारला की उलटी होते. सरावाच्या दिवशी आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला; त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या काही तासांत परत घ्या. मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसल्याने भागत नाही.

डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणं, उलटी, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यांपैकी एक पुरे. चर्चा करू नका. मान दुखते किंवा हातपाय बधिर वाटतात म्हणाला तर हलवूच नका, वैद्यकीय मदत येऊ द्या. डोक्याला मार लागलेल्याला एकटं घरी पाठवू नका, गाडी चालवू देऊ नका, २४ तास मद्य नाही. हौशी प्रौढ खेळाडूने वैद्यकीय सल्ल्यासह टप्प्याटप्प्याने परतावं, आणि सामन्यात लवकरात लवकर २१ दिवसांनी. स्थानिक संघटनेचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. यादीत २४ नावं का, ते अशा वेळी कळतं.

स्वतःची स्पर्धा भरवताना

सेव्हन्सचा जन्मच क्लबच्या रिकाम्या तिजोरीतून झाला: १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोझ क्लबने पैसे उभारायला ही कल्पना पहिल्यांदा वापरली, आणि ती कल्पना खाटीक असलेल्या नेड हेगची मानली जाते. प्रवेश फी आणि माजी विद्यार्थ्यांचं प्रायोजकत्व यांवर हंगामाचा मोठा भाग आजही भागतो. फक्त मैदानांचा हिशेब चुकवू नका. सोळा संघ, चार गट: साखळीचे २४ सामने, वरच्या आठांचे कपासाठी सात, खालच्या आठांचे प्लेटसाठी सात, एकूण ३८. प्रत्येकाला २२ मिनिटं धरली तर एका मैदानावर जवळपास १४ तास. दोन मैदानं घ्या, सात तासांत उरकतं. बारा संघांचे २८ सामने दोन मैदानांवर साधारण पाच तासांत बसतात. पहिल्या वर्षी एवढंच करा. दर मैदानाला तीन पंच आळीपाळीने, आणि सगळा दिवस रुग्णवाहिका. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत खेळ थांबेल, हे वेळापत्रकात धरून अर्ध्या तासाची मोकळी जागा ठेवा.

साखळीचे गुण विजयाला ३, बरोबरीला २, पराभवाला १, न आल्यास ०. बरोबरी झाल्यास आधी आपसातला सामना, मग गुणांचा फरक, मग ट्रायचा फरक. हा क्रम फॉर्मवर छापा; संध्याकाळी तोंडी सांगितला की भांडण ठरलेलं.

हंगाम संपला की जर्सी त्याच आठवड्यात परत घ्या, मोजा आणि वाळवून ठेवा. दुखापतींची यादी त्याच वेळी लिहा: कोणाला काय, कोणत्या सामन्यात, दिवसातल्या कितव्या. तिसऱ्या सामन्यानंतरच्या दुखापती जास्त निघाल्या तर पुढच्या वर्षी नावं वाढवा किंवा एक स्पर्धा कमी करा.