‘पुढं पाठवा’ म्हटलं की लोक पाठवत नाहीत: जाहिरातीतल्या या चुका टाळा

बेळगावातल्या दुकानदारांना मी व्हॉट्सॲप, इन्स्टासाठी कार्डं आणि रील करून देतो. खडेबाजार असो की निपाणी, मागणी एकच: ‘असं काहीतरी कर की लोकांनी आपणहून पुढं पाठवलं पाहिजे.’ आणि चुकाही सगळीकडं त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आमिष. एका मिठाईवाल्या मामांनी गणपतीच्या तोंडावर हट्टच धरला: ‘मेसेज पाच ग्रुपवर टाका, स्क्रीनशॉट दाखवा, पाव किलो कुंदा मोफत.’ मी नको म्हणालो, पण ठामपणे म्हणालो नाही, याची खंत अजून आहे. दोन दिवस दुकानापुढं रांग लागली. फुकटचा कुंदा घेऊन लोक निघून गेले, विकत घेणारं कुणी थांबलं नाही. गल्लीच्या, मंडळाच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा पुन्हा पडला. त्यात मामांनी बिलबुकातले सगळे नंबर काढून दुकानाच्या फोनवरून तोच मेसेज धाडला. लोकांनी रिपोर्ट केला आणि तिसऱ्या दिवशी नंबरच बंद पडला. सणाच्या ऑर्डरी त्याच नंबरवर यायच्या.

या गोष्टी आता यंत्रणेलाही चालत नाहीत. भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं आणण्याचं पाऊल व्हॉट्सॲपनं 2018 सालीच उचललं. फार फिरलेला मेसेज एप्रिल 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. ‘टॅग करा, शेअर करा’ अशी गळ घालणाऱ्या पोस्ट मागं ढकलणार, हे फेसबुकनं डिसेंबर 2017 मध्येच सांगितलं होतं. तरी नवी पोरं पहिल्या दिवशी येऊन विचारतात, ‘व्हायरल कसं करायचं?’ आधी दुकानात दोन तास बसा. गिऱ्हाईक काय विचारतं ते वहीत लिहा. एवढा धीर नसेल तर हे काम घेऊ नका.

दुसरी चूक: कार्डभर आपलंच कौतुक. खानापूरची मातीची भांडी विकणाऱ्या एका दादांच्या दुकानात मी असाच बसलो होतो. निम्मी गिऱ्हाइकं एकच विचारत होती, नवा माठ घरी नेल्यावर काय करायचं? तेवढंच कार्डावर घातलं. रात्रभर पाण्यात भिजवा. साबण लावू नका, तो छिद्रांत बसतो आणि पाण्याला वास लागतो. बाहेरून ऑइलपेंट मारू नका. पाणी झिरपून वाळतं तेव्हाच माठ गार राहतो. खाली दुकानाचं नाव आणि नंबर.

दादा चिडले, “आमचं नाव एवढं बारीक कशाला घातलास गा?”

आठवड्यानं त्यांना पुण्याहून एका बाईंचा फोन आला. कार्ड त्यांना गावाकडच्या आईनं पाठवलं होतं. आई लेकीला ‘आमचं दुकान उत्तम’ असं कशाला पाठवेल? माठ तडकू नये, पाणी गोड लागावं, म्हणून पाठवते. तेव्हापासून कार्डाला हात लावण्याआधी मी वहीत दोन माणसं लिहितो: पाठवणारं कोण, घेणारं कोण. दोन्ही सुचली नाहीत तर ते कार्ड मी करत नाही.

मालकाच्या फोटोसह सणाच्या शुभेच्छा कुणीही पुढं पाठवत नाही.

पत्ता आणि नंबर चित्रातच घाला. फोटो सेव्ह करून गॅलरीतून पुढं पाठवला की खालचा मजकूर गळतो.

मराठी आणि कन्नड एकाच कार्डात कोंबू नका, दोन वेगळी कार्डं करा. कन्नड कार्ड घरात कन्नड बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या. ॲपवर भाषांतर करून लावलेलं कन्नड वाचून बैलहोंगलचं गिऱ्हाईक दुखावलेलं मी पाहिलंय. मराठीतही तेच. आपल्याकडं दारातल्या माणसाला ‘या की’ म्हणतात, मग कार्डावर ‘अवश्य भेट द्या’ कशाला?

तयार कार्ड मी आधी वडगावातल्या मावशीच्या जुन्या फोनवर पाठवतो. तिला चष्म्याशिवाय वाचता आलं नाही, तर मजकूर कापतो आणि अक्षर वाढवतो.